नाबोथाचा मळा आणि मैकलचे डोंगर

पवित्र शास्त्रात राजांच्या पहिल्या पुस्तकाच्या एकविसाव्या अध्यायात नाबोथाच्या द्राक्षमळ्याची कथा आलेली आहे. आपल्या घरोघरी वडीलधाऱ्यांनी ती मुलांना सांगितलेली असेलच. अहाब राजाच्या वाड्याला लागून नाबोथ नावाच्या एका साध्या गृहस्थाचा मळा होता. राजाला त्या जागी भाजीपाल्याची बाग करावयाची होती. आरंभी त्याने नाबोथाला धाकदपटशा मुळीच दाखविला नाही. याहून चांगला मळा देतो, किंवा रोख मोल देतो, असेच त्याने सांगितले. व्यवहाराच्या तराजूत तोलून पाहिले तर त्यात उणे काहीच नव्हते. परंतु नाबोथाने नकार दिला. ती भूमी त्याच्या वाडवडिलांचे वतन होती आणि परमेश्वराच्या साक्षीने आलेले वतन विकण्याचा अधिकार आपणांस नाही, अशी त्याची श्रद्धा होती. पुढे खोटे साक्षीदार उभे राहिले, नाबोथावर धोंडे पडले आणि एलिया संदेष्टा जाब विचारण्यासाठी त्याच मळ्यात राजासमोर येऊन ठाकला, हे सर्वश्रुत आहे.

आम्हांस या कथेचा पूर्वार्ध अधिक विचार करण्याजोगा वाटतो. राजाला त्या जमिनीची किंमत दिसत होती आणि नाबोथाला वारसा दिसत होता. हे दोन शब्द एकमेकांस कळलेच नाहीत, आणि पुढील सारा अनर्थ तेथूनच सुरू झाला.

आज ही कथा आठवण्याचे कारण असे की, 'वारसा' हा शब्द आता सरकारदरबारी रूढ झाला आहे. एखादा डोंगराळ प्रदेश राष्ट्राचा वारसा म्हणून जाहीर होतो, नकाशावर रेघ ओढली जाते, आणि त्या रेघेच्या आत पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या माणसांचे पुढे काय, हा प्रश्न मागाहून उभा राहतो. हा प्रश्न समजून घेण्यासाठी आपल्या मराठी मुलखाच्या उंबरठ्यावरील बालाघाट जिल्ह्याइतके बोधप्रद स्थळ क्वचितच सापडेल.

घाटावरचा मुलूख

गोंदियाहून उत्तरेस निघून बाघ नदी ओलांडली की मध्य प्रदेशाचा बालाघाट जिल्हा लागतो. 1956 साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. तरी वारासिवनी, कटंगी, लांजी या बाजूंस मराठी बोलणारी घरे आजही आहेत. खाली वैनगंगेच्या खोऱ्यात धानाची शेते पसरलेली. येथील चिन्नोर नावाच्या सुवासिक तांदळाला 2021 साली केंद्र सरकारकडून भौगोलिक मानांकन मिळाले. वर मात्र निराळेच जग आहे. बैहर आणि परसवाडा यांच्या बाजूस जमीन उंच उंच होत जाते, आणि सातपुड्याची पूर्वेकडील शाखा असलेली मैकलची रांग सुरू होते. घाटांच्या वरचा मुलूख तो बालाघाट, असा या नावाचा अर्थ आहे. याच उंचवट्यावर पावसाच्या पाण्याची वाटणी होते. वैनगंगेस मिळणारे पाणी गोदावरीच्या वाटेने पूर्व समुद्रास जाते. बंजर आणि हालोन यांचे पाणी नर्मदेच्या वाटेने पश्चिम समुद्रास जाते.

या डोंगरांकडे पाहणाऱ्यांनी आजवर निरनिराळ्या डोळ्यांनी पाहिले. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांना येथील सालवृक्षांत रेल्वेच्या रुळांखाली घालावयाचे ओंडके दिसले. खाणवाल्यांना भरवेली आणि उकवा येथे मँगनीज दिसले, आणि मलाजखंड येथे तांबे दिसले. शिकाऱ्यांना वाघ दिसला. पुढे त्याच वाघाचे रक्षण करणारेही आले. या सर्वांआधीपासून येथे गोंड आणि बैगा लोक राहत होते. त्यांचे घर याच डोंगरांत होते, आणि नकाशावर रेघा ओढताना नेमके तेच शेवटी आठवले.

सहासष्ट बारशिंगे

कान्हाच्या जंगलाची सरकारी कहाणी थोडक्यात अशी. 1879 साली ते राखीव जंगल ठरले. 1933 साली त्याचे अभयारण्य झाले. 1955 साली मध्य प्रदेशाने खास कायदा करून त्यास राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा दिला. 1973 साली केंद्र सरकारने वाघांच्या रक्षणासाठी देशात जी पहिली नऊ क्षेत्रे निवडली, त्यांत कान्हा होते. आज त्याचा गाभा 900 चौरस किलोमीटरांहून अधिक असून तो मंडला आणि बालाघाट या दोन जिल्ह्यांत पसरला आहे. बालाघाटच्या बाजूने आत जाण्याची वाट मुक्की येथून आहे.

या कहाणीला एक उजळ बाजू आहे, आणि ती सांगितल्यावाचून पुढे जाणे न्यायाचे होणार नाही. भारतात अन्यत्र बारशिंगा दलदलीच्या प्रदेशात राहतो. कान्हाचा बारशिंगा मात्र कठीण जमिनीवर राहणारा असून त्याचे खूरही त्या जमिनीस साजेसे आहेत. 1938 च्या सुमारास येथे त्याची संख्या तीन हजारांच्या घरात होती असे सांगतात. 1970 साली गणना झाली तेव्हा केवळ 66 बारशिंगे उरले होते. ही जात जगाच्या पाठीवर अन्यत्र कोठेही नव्हती. सहासष्ट हा आकडा खाली घसरून शून्य झाला असता, तर परमेश्वराच्या निर्मितीतील एक जीव कायमचा गेला असता.

तो गेला नाही, याचे श्रेय वनखात्याच्या माणसांना आहे. त्यांनी कुंपण घालून काही बारशिंगे हिंस्र श्वापदांपासून सुरक्षित ठेवले आणि गवताळ कुरणे जपली. त्यांची संख्या हळूहळू वाढत जाऊन आता हजाराच्या घरात पोहोचली आहे. 2015 साली त्यांतील काही सातपुडा व्याघ्र प्रकल्पात नेऊन सोडण्यात आले.

परंतु ही कुरणे आली कोठून? सोंफ नावाचे जे कुरण बारशिंग्यांना मानवले, ते पूर्वी सोंफ नावाचे गाव होते. 1969 साली ते गाव उठले. पुढील काही वर्षांत वीसहून अधिक गावे उद्यानाबाहेर हलविण्यात आली. ज्या जागी धान पेरले जात होते, जेथे पोरे खेळत होती, तेथे गवत माजले आणि त्या गवतात बारशिंग्याची पाडसे लपू लागली. वाचकहो, या दोन्ही गोष्टी सारख्याच खऱ्या आहेत. बारशिंगा वाचला हे खरे, आणि त्याच्या वाचण्याचे मोल ज्यांनी दिले ते राजधानीतील श्रीमंत नव्हते, हेही खरे.

बैगांचे वतन

बैगा लोक स्वतःस भूमीचे राखणदार समजतात. कित्येक ठिकाणी त्यांना भूमिया असेच म्हणतात. गोंडांच्या गावांतही शिवेची पूजा आणि पेरणीपूर्वीचे विधी बैग्याच्या हातून होत असत. त्यांची जुनी शेती 'बेवर' या नावाने ओळखली जाते. डोंगरउतारावरील झाडोरा तोडून जाळावयाचा, त्या राखेत कोदो, कुटकी यांसारखे धान्य पेरावयाचे, आणि काही वर्षांनी ती जागा सोडून जंगलास परत द्यावयाची, अशी ही रीत. नांगर चालविणे म्हणजे धरणीमातेची छाती फाडणे, असे ते मानीत. आम्हां नांगरधारी शेतकऱ्यांना हे विचित्र वाटेल. परंतु भूमीस आई मानून तिला इजा न करण्याची भावना आपणांस अगदीच परकी नाही.

इंग्रजी अमदानीत बेवरावर बंदी आली आणि बैगांना जंगलातून काढून नांगराकडे वळविण्याचे प्रयत्न झाले. अखेर 1890 साली आजच्या दिंडोरी जिल्ह्यातील सात गावांचा एक तुकडा त्यांच्यासाठी राखण्यात आला आणि तेवढ्यातच बेवराची मोकळीक राहिली. हाच तो 'बैगा चक'. इंग्लंडहून मिशनरी म्हणून आलेले आणि पुढे ते पद सोडून आदिवासींमध्येच राहिलेले व्हेरियर एल्विन यांनी 1939 साली बैगांवर मोठा ग्रंथ लिहिला. वन्य प्राण्यांसाठी राष्ट्रीय उद्याने असतात, तसा एखादा प्रदेश या लोकांसाठी राखून ठेवावा, अशी सूचना त्यांनी त्यात केली. त्यावर पुष्कळ टीका झाली, आणि ती अगदी निराधार होती असे म्हणवत नाही; कारण माणसाला कुंपणात ठेवून त्याचे कौतुक पाहणे हाही एक प्रकारचा अपमानच आहे. पुढे एल्विन यांनीही ती कल्पना सोडली. तथापि त्यांच्या मूळ तळमळीत सत्य होते. डोंगर आणि डोंगरातील माणूस यांची ताटातूट करून एकाचेच रक्षण केले, तर ते रक्षण अर्धवट राहते.

एकाच पर्वताच्या दोन कथा

हा प्रश्न केवळ आपल्या देशाचा नाही. अमेरिकेच्या पूर्वेस अ‍ॅपलेशियन नावाची लांबलचक पर्वतरांग आहे. तेथील डोंगरकऱ्यांची घरे लहान, शेती कष्टाची आणि देवभीरू वृत्ती प्रसिद्ध. 1935 साली व्हर्जिनिया राज्यात या पर्वतावर शेनान्डोआ नावाचे राष्ट्रीय उद्यान स्थापन झाले. त्यासाठी व्हर्जिनियाने जमिनी ताब्यात घेऊन त्या केंद्र सरकारच्या हवाली केल्या, आणि सुमारे पाचशे कुटुंबांना आपली घरे सोडावी लागली. काही मोजक्या वृद्धांना तेवढे मरेपर्यंत राहू दिले. त्यांतील शेवटची वृद्धा 1979 साली वारली आणि त्या डोंगरावरची शेवटची चूल विझली.

याच देशाने पुढे निराळी वाट शोधली. 1984 पासून अमेरिकेची संसद काही प्रदेशांना 'राष्ट्रीय वारसा क्षेत्र' असा दर्जा देऊ लागली. या रीतीत सरकार जमीन ताब्यात घेत नाही. घर ज्याचे त्याचे राहते, शेत ज्याचे त्याचे राहते. स्थानिक लोकांची एखादी संस्था योजना आखते, आणि केंद्र सरकार पैशाचा काही वाटा व जाणकारांचे साहाय्य देते. 2019 साली वेस्ट व्हर्जिनिया आणि मेरीलँड या राज्यांतील अ‍ॅपलेशियन वनप्रदेशास हा दर्जा मिळाला. तेथे लाकूडतोड्यांच्या आठवणी, जुनी गाणी आणि खेड्यांतील कारागिरी हीही अरण्याइतकीच वारशाच्या यादीत आहेत. पर्वत तोच, पण पहिल्या खेपेस माणूस रेघेबाहेर गेला आणि दुसऱ्या खेपेस रेघेच्या आत राहिला.

दुसऱ्या रीतीने सर्व दुःखे मिटतात असे आम्ही म्हणत नाही. जेथे वाघासारख्या प्राण्याला शांत अरण्य हवे असते, तेथे केवळ सन्मानाच्या पाटीने भागत नाही. परंतु वारसा जाहीर करण्याची एकच रीत असते आणि ती माणसे हलविण्याची, हा समज मात्र या उदाहरणाने दूर व्हावा.

आपल्या कायद्यातील वाटा

आपल्या देशातही वाटा आहेत. 2006 साली संसदेने वनहक्क कायदा केला. त्यात बैगांसारख्या अतिदुर्बल आदिवासी समाजांना केवळ शेताच्या तुकड्यावर नव्हे, तर आपल्या संपूर्ण अधिवासावर हक्क सांगता येतो. 2015 साली दिंडोरीच्या बैगा चकातील सात गावांचा असा अधिवास हक्क मान्य झाला. भारतात असे प्रथमच घडले. 1890 साली जो तुकडा साहेबाने कृपेखातर दिला होता, तो सव्वाशे वर्षांनी हक्क म्हणून मिळाला. 2023 साली छत्तीसगढ राज्यातील काही बैगांनाही हा हक्क मिळाला.

बालाघाटच्या पश्चिमेस, शिवनीच्या पलीकडे, छिंदवाडा जिल्ह्यात पातालकोट नावाची खोल दरी आहे. चहूबाजूंनी उभे कडे आणि तळाशी भारिया व गोंड लोकांची गावे. 2019 साली मध्य प्रदेश सरकारने तिला जैवविविधता वारसा स्थळ ठरविले. ज्या कायद्याखाली हे झाले तो 2002 सालचा केंद्राचा कायदा असून, स्थानिक पंचायतींशी विचारविनिमय करूनच असे स्थळ ठरवावे, असे त्यात सांगितले आहे. लोकांच्या चालत आलेल्या वहिवाटीवर त्यांनी स्वतः होऊन ठरविल्यावाचून बंधन येऊ नये, असाही या योजनेचा दंडक आहे.

सह्याद्रीचा अनुभव मात्र निराळी शिकवण देतो. 2012 साली युनेस्कोने पश्चिम घाटातील 39 स्थळे जागतिक वारशाच्या यादीत घेतली. त्यांत महाराष्ट्रातील कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी आहेत. त्याआधी 2011 साली माधव गाडगीळ यांच्या समितीने, तर 2013 साली कस्तुरीरंगन यांच्या समितीने घाटाच्या रक्षणाविषयी अहवाल दिले. गाडगीळ समितीचा आग्रह होता की, अंतिम निर्णय ग्रामसभांशी बोलून व्हावा. पण कित्येक गावांना तो अहवाल आपल्या भाषेत वेळेवर मिळालाच नाही, आणि अफवा मात्र वेळेवर पोहोचल्या. केरळातील इडुक्कीच्या डोंगरांत आपले कॅथोलिक शेतकरी बांधवही 2013 साली विरोधात रस्त्यावर उतरले. त्यांची जमीन जाण्याची भीती खरी होती. आणि 2024 च्या 30 जुलै रोजी केरळातच वायनाड येथे डोंगर कोसळून शेकडो माणसे गाडली गेली, हेही तितकेच खरे. दुसऱ्याच दिवशी केंद्र सरकारने पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राचा मसुदा पुनः एकदा प्रसिद्ध केला. डोंगर राखला नाही तर तो डोंगरकऱ्यालाच गिळतो, आणि डोंगरकऱ्यास न विचारता राखू गेले तर तो राखणीचाच शत्रू होतो.

आज उभा असलेला प्रश्न

या साऱ्याची आठवण आजच का करावयाची? कारण प्रश्न मिटलेला नाही. कान्हाच्या गाभ्यातून 2014 सालीही बैगा आणि गोंड कुटुंबे बाहेर पडली. 2024 च्या जून महिन्यात केंद्रीय व्याघ्र प्राधिकरणाने राज्यांना पत्र पाठविले. देशातील व्याघ्र प्रकल्पांच्या गाभ्यांत अजून 591 गावे आणि 64,801 कुटुंबे आहेत, त्यांच्या स्थलांतरास अग्रक्रम द्यावा, असे त्यात म्हटले होते.

कायदा काय म्हणतो तेही वाचकांनी ध्यानी ठेवावे. 2006 साली सुधारलेल्या वन्यजीव कायद्यानुसार स्थलांतर स्वेच्छेनेच व्हावे लागते. आधी वनहक्क ठरवून पुरे करावे लागतात. सर्व माहिती दिल्यानंतर ग्रामसभेची संमती घ्यावी लागते. जे कुटुंब जाण्यास राजी होईल त्यास भरपाई मिळते. पूर्वी दहा लाख रुपये असलेली ही रक्कम 2021 साली पंधरा लाख झाली.

काही कुटुंबे राजीखुशीने जातात, हे आम्ही नाकारीत नाही. अरण्यात दवाखाना दूर, शाळा दूर, रानडुकरे पीक ठेवीत नाहीत. मुलांना रस्त्यालगतचे जीवन हवेसे वाटते. अशा कुटुंबाला आड येणे हाही अन्याय होईल. परंतु पंधरा लाख रुपये हातात आले म्हणजे मोहाचे झाड हाती आले असे होत नाही. मोहफुले, तेंदूपत्ता, चारोळी, कंद, औषधी मुळ्या, सरपण, गुरांची चराई आणि पूर्वजांची स्मरणस्थाने यांचा हिशेब कोणत्या रकान्यात मांडावयाचा? ज्याने जन्मात बँकेचे पुस्तक पाहिले नाही त्याच्या हातचा पैसा किती दिवस टिकेल? अहाबाचा पहिला प्रस्ताव दिसावयास चोख होता, हे येथे पुनः आठवावे. नाबोथाला 'नाही' म्हणण्याची खरीखुरी मोकळीक असती, तरच त्याच्या 'हो' या शब्दालाही काही अर्थ राहिला असता.

ख्रिस्ती कुटुंबाचे कर्तव्य

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी 2015 साली 'लौदातो सी' हे विश्वपत्र लिहून सृष्टीच्या रक्षणाविषयी साऱ्या ख्रिस्तसभेस जागे केले. त्यातील एक मुद्दा आपल्या विषयाशी नेमका जुळतो. आदिवासींच्या भूमीला स्पर्श करणारे मोठे बेत होतात, तेव्हा सर्वांत आधी त्यांच्याशीच बोलणे झाले पाहिजे. भूमी ही त्यांना विकण्याची वस्तू वाटत नाही, ते तिला देवाची देणगी मानतात, आणि आपल्या भूमीवर राहिले असता तिची सर्वोत्तम काळजी बहुधा तेच घेतात, असा त्या लेखनाचा आशय आहे. उत्पत्तीच्या पुस्तकातही देवाने माणसाला बागेत ठेवले ते मशागत आणि राखण अशा दोन्ही कामांसाठी. राखणदाराला बाहेर काढून बाग राखावी, असे तेथे कोठेही आलेले नाही.

आम्ही खेड्यांत राहणारी माणसे. बालाघाट आपणांपैकी पुष्कळांनी पाहिलेही नसेल. तरी आपण काय करू शकतो, हे दोन शब्दांत सांगून हा लेख पुरा करतो.

पहिले असे की, आपल्या स्वतःच्या गावाचे नाव एखाद्या सरकारी मसुद्यात आले, तर अफवेवर विसंबू नये. तो मसुदा मिळवावा, जाणत्याकडून वाचून घ्यावा, हरकतीची मुदत पाहावी, आणि ग्रामसभेस घरातील पुरुष व बायका दोघांनीही जावे. संमती म्हणजे कोऱ्या कागदावरील अंगठा नव्हे, हे आपल्या मुलांना शिकवावे.

दुसरे असे की, सुटीत मुलांना घेऊन कान्हा पाहावयास गेलात, तर जरूर जा. वाघ दिसो वा न दिसो, बारशिंग्यांचा कळप पाहून निर्मात्याची स्तुती करा. पण त्या कुरणाकडे बोट दाखवून मुलांना हेही सांगा की, येथे एकेकाळी गाव होते. वाटाड्या त्याच बाजूच्या एखाद्या गावचा असेल, तर त्याच्या आजोबांचे गाव कोणते, हे आदराने विचारा. प्राणी मोजणारे पुष्कळ आहेत. माणसांची आठवण ठेवणारेही कोणी हवे.

आणि या आठवड्यात संध्याकाळच्या रोजरीत एक दशक त्या 591 गावांसाठी म्हणावे. तेथील माणसांच्या तोंडचे 'हो' आणि 'नाही' हे दोन्ही शब्द मोकळे राहोत, निर्णय घेणाऱ्यांच्या अंतःकरणात न्यायबुद्धी राहो, आणि अरण्यातील मुका जीवही सुरक्षित राहो, अशी ती प्रार्थना असावी. सर्व भूमी परमेश्वराची आहे आणि आपण तीवर पाहुणे व उपरी आहोत, असे शास्त्र सांगते. हे वाघाच्या रक्षकांनी ध्यानी ठेवावे, नांगर धरणाऱ्याने ठेवावे, आणि आपल्या दारचा मळा वाढविण्यासाठी शेजाऱ्याच्या मळ्याकडे पाहणाऱ्या प्रत्येकाने ठेवावे.